आठ जागा, चाळीस हजार तीनशे वीस मांडण्या

संपादकांचं पत्र आलं : ‘आपल्या प्रदीर्घ सेवेविषयी काही लिहा.’ सेवा हा शब्द वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला. पत्ता माझाच होता. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी सेवा वगैरे काही केलेली नाही. एकोणीसशे तिसाच्या पुढची सात-आठ वर्षं मी बारामतीच्या मोटारस्टँडवर एजंट होतो. दौंडहून छोटी आगगाडी यायची, इंदापूरकडे जाणारी माणसं तिच्यातून उतरायची, आणि त्यांना आमच्या शेठच्या सर्व्हिस मोटारीत बसवून द्यायचं, एवढंच माझं काम. पुढे मी बऱ्याच नोकऱ्या केल्या, त्यातल्या एकीत तर मला टेबल होतं. पण आठवण काढावी अशी ही एकच.

त्या वर्षांतली एक सकाळ सांगायची आहे. त्या सकाळी मोटारीत जागा आठ, बसणारी माणसं आठ. तिकडे इंदापुरात दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर एक मुलगी अंतरपाटामागे उभी राहणार होती, आणि तिचा नवरदेव इकडे बारामतीत मुंडावळ्या बांधून माझ्यासमोर धुळीत उभा होता. मोटारीला इंदापूर गाठायला दोन तास लागत. घड्याळात साडेनऊ वाजले होते, आणि कुणी कुठे बसायचं ते ठरत नव्हतं.

पण आधी धंदा समजावून द्यायला हवा, नाहीतर आजच्या वाचकाला वाटेल, बसायला काय लागतं?

आमची मोटार म्हणजे जुन्या लॉरीवर सुताराने चढवलेलं लाकडी घर. ड्रायव्हरशेजारी दोन जागा, मागे तिघांचा एक बाक, त्याच्यामागे तिघांचा दुसरा. बोजा टपावर. पुढच्या दोन जागांना ‘फर्स्टक्लास’ म्हणत. इंजिनाची सगळी धग तिथेच लागायची, तरी त्यांच्यावरून मारामाऱ्या होत. उजवी स्प्रिंग अशक्त होती म्हणून जड माणूस डावीकडे. ज्याला मोटार लागते तो खिडकीशी, आणि त्याच्या मागच्या बाकावर नवीन धोतर नेसलेला कुणी नसलेला बरा. बाई बाईशेजारी किंवा घरच्या माणसाशेजारी. डुलक्या घेणाऱ्याच्या बाजूला सोशिक माणूस. कोंबडी मांडीवर चालेल, बकरू चालणार नाही. गावकुसाबाहेरच्या लोकांना त्या काळी बाकावर जागाच मिळत नसे. ते माझ्या मोजणीत येतच नसत. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

मॅट्रिकला मी गणितात वर्गात पहिला आणि इंग्रजीत नापास होतो. मोटारीची वाट पाहत स्टँडवर बसलेल्या माणसापाशी वेळ फार असतो. मी बीजगणिताचं एक जुनं पुस्तक घेऊन बसायचो. त्यात परम्युटेशनचं प्रकरण आलं. आपल्या जुन्या गणितात यालाच ‘अंकपाश’ म्हणत. पाश म्हणजे फास. नाव किती नेमकं आहे ते मला लवकरच कळणार होतं.

गोष्ट अगदी सोपी आहे. पहिल्या जागेवर आठांपैकी कुणीही बसू शकतो : आठ प्रकार. तो बसला की दुसऱ्या जागेसाठी सात उरतात. आठ साते छप्पन्न. तिसरीसाठी सहा, मग पाच, असं एकापर्यंत गुणत जायचं. मी गुणत गेलो आणि शेवटी वहीत आकडा आला : चाळीस हजार तीनशे वीस. मी उठून उभाच राहिलो. पुन्हा गुणलं. तोच आकडा. रोज डोळ्यांसमोर उभी असलेली, पत्रा वाजणारी ही मोटार, आणि तिच्यात आठ माणसं चाळीस हजार तीनशे वीस तऱ्हांनी बसू शकतात! एका मांडणीला एक मिनिट धरलं तर किती वेळ लागेल ते काढलं. बरोबर अठ्ठावीस दिवस. एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हर हसनभाईंना हाक मारून ते सांगितलं.

हसनभाई मोटारीखालून म्हणाले, “मास्तर, सव्वीस दिवसांत नाही का जमणार? मला मधे उरुसाला जायचंय.”

माझा आनंद खरा कळला तो एकाच माणसाला : कळसच्या भिकाआबांना. आबा जन्मभर मेंढ्या राखलेले, आता म्हातारपणी लेकाच्या डाळिंबांची राखण करत आणि बाजाराला बारामतीला येत. त्यांनी माझा आकडा ऐकला, काठीने धुळीत आठ रेघा ओढल्या, आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “आमची मेंढरं सांजंला वाघरीत शिरायची. जाळ्याला तोंड येकच, येकामागं येक जायाची. मला कायम वाटायचं, आजच्या वळीनं ही पुन्यांदा कवा शिरत्याल?”

मी लगेच हिशेब केला. “आठच मेंढ्या धरल्या, रोज एक नवी ओळ धरली, तरी एकशे दहा वर्षं लागतील आबा.”

आबांनी काठी कपाळाला लावली. “म्हंजी म्या जलमभर दररोज नवीच वळ बघितली! आन लोकं म्हनत्यात, मेंढक्याच्या जिंदगानीत रोज तेच त्ये.” त्यांचा चेहरा असा उजळला, की बक्षीस मिळालेल्या पोराचा काय उजळेल. मग काठी खाली टेकवून म्हणाले, “पर येक इसरू नगं एजंट. मेंढीला कुनाच्या मागं जायाचं असतं, त्ये तिचं तिला ठावं. ते इचारल्याबिगर वळ लावाया गेलास, तर वाघर मोडती.”

मी मान हलवली. मेंढी आणि माणूस यांतला फरक मला माहीत आहे, अशा थाटात हलवली.

आता त्या सकाळकडे येतो.

वऱ्हाड मोरगावकडच्या एका वाडीचं. बरीचशी माणसं आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी पुढे गेली होती, आणि मानाची आठ मोटारीने जायची होती. नवरदेव शंकर, करवली म्हणून त्याची थोरली बहीण गोदा, बाप तात्या, आणि मामा, ज्यांना सगळं वऱ्हाड नुसतं ‘मामा’ म्हणे. त्यांच्याबरोबर गावचे भटजी. शंकरची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती; त्याला वाढवलं ते तात्यांच्या विधवा बहिणीने, यमुनाआत्याने. हे झाले सहा. उरलेले दोन म्हणजे रावसाहेब आणि त्यांच्या पत्नी, बाईसाहेब. रावसाहेब तात्यांच्या गावचेच बडे बागायतदार. त्यांना सरकारी पदवी मिळून आठ महिने झाले होते, आणि ताप उतरावा तशी ती अजून उतरली नव्हती. फेट्याचा तुरा एवढा, की त्याला वेगळी जागा धरावी लागेल की काय अशी मला काळजी पडली.

आणखी एक गोष्ट स्टँडवरच्या पानवाल्यालाही ठाऊक होती. रावसाहेबांची पुतणी शंकरला आधी सांगून आली होती. शंकरने इंदापूरची सरू पसंत केली. सरूचं एक लग्न आधी ठरून मोडलं होतं. तिचा काही दोष नव्हता, पण दोष शोधायला लोकांना मुलगीच सापडते. आज मुहूर्त टळला, तर ‘हिच्या पायगुणानं टळला’ म्हणायला दोन्ही गावं तयार होती. दुसरा मुहूर्त धरू देणार कोण? वऱ्हाडाबरोबर रावसाहेब होते.

हसनभाईंचा नियम असा, की सगळे बसल्याशिवाय हँडल मारायचं नाही. पेट्रोल फुकट जातं. त्यामुळे सगळं माझ्यावर आलं.

“पुढे मी बसेन,” रावसाहेब म्हणाले. “पदवीला शोभेल अशी जागा हवी.”

“आन मी,” मामा म्हणाले. “नवरदेवाचा मामा मागं बसला तर इंदापूरवाले काय म्हनत्याल?”

मला हुरूप आला. मी वही काढली. पुढच्या दोन जागा या दोघांच्या, अलीकडे-पलीकडे कसेही : दोन प्रकार. मागे सहा माणसं, सहा जागा : सातशे वीस. एकंदर चौदाशे चाळीस. मी मोठ्याने जाहीर केलं, “मंडळी, अठ्ठावीस दिवसांचं काम चोवीस तासांवर आलं!”

मामा घाबरले. “चोवीस तास? आरं, लगीन आज हाय का उद्या?”

“तसं नाही मामा, हे नुसतं गणित आहे.”

“मंग मोटार हाकताना ह्ये गणित कामाला येतंय व्हय?”

“मोटार हाकायला नाही, हलायला येतं,” मी म्हणालो आणि पुढच्या अटी विचारल्या. अटी म्हणजे माझं खाद्य. एकेक अट आली की हजारो मांडण्या गळून पडतात, आणि माणूस उत्तराच्या जवळ जातो. कोळशाच्या राशीत हात घालून हिरा काढावा तशी मजा असते यात.

करवली नवरदेवाला चिकटून बसणार. तिच्या हातात करा-दिवा. नवरदेवाचा बाक पहिला. भटजी म्हणाले, “मी कोणत्याही बाईशेजारी बसणार नाही. पुढे विधी करायचेत.” रावसाहेब म्हणाले, “आमच्या मंडळी परपुरुषाशेजारी बसणार नाहीत.” मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली आणून, म्हणाले, “आणि त्या आत्याबाईंशेजारीही नाही. मंगल कार्य आहे. नवरदेवाच्या बाकावर तर आत्याबाई नकोतच, हे मी सांगायला नको.”

यमुनाआत्या पानवाल्याच्या छपराच्या सावलीत उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. पदर जरा पुढे ओढला, एवढंच.

मीही ऐकलं, आणि खाली लिहिलं : अट पाचवी, अट सहावी. पेन्सिल भराभर चालली होती. आत्याबाई मागच्या बाकावर. म्हणून बाईसाहेब नवरदेवाच्या बाकावर. त्यांच्या आणि नवरदेवाच्या मधे करवली. मागे आत्याबाई एका कडेला, भटजी दुसऱ्या कडेला, मधे तात्या. उत्तर सुटलं! चौदाशे चाळीसांतून फक्त आठ मांडण्या उरल्या. “आठ!” मी ओरडलो. “आठ मिनिटांचं काम!”

“म्हंजी मी मागच्या बाकावर?” तात्या म्हणाले. ते इतका वेळ गप्प होते. साधा माणूस, पण मुलाच्या लग्नाच्या दिवशी साध्या माणसालाही कणा फुटतो. “पोराचा बाप हाय मी. येक तर फुडं बसीन, न्हाय तर पोराशेजारी. मागं बोचक्यागत न्हाय बसायचो.”

मी पुन्हा मांडलं. पुढे जागा नाही. मग तात्या, नवरदेव, करवली एका बाकावर. मागे उरले बाईसाहेब, आत्याबाई आणि भटजी. बाईसाहेब आत्याबाईंशेजारी नाहीत. भटजी कुणाच्याच शेजारी नाहीत. भटजी मधे बसले तर दोन बायकांच्या मधे. कडेला बसले तर एकीच्या शेजारी. मी तिघांच्या सगळ्या सहा ओळी लिहून पाहिल्या. एकही जमेना.

“शून्य,” मी म्हणालो.

“शून्य म्हंजी?” गोदाने विचारलं.

“म्हणजे चाळीस हजार तीनशे वीसमध्ये अशी एकही मांडणी नाही, जी सगळ्यांच्या अटींत बसते. सिद्धच झालं.”

खरं सांगतो, मला त्यात आनंद झाला होता. एखादी गोष्ट अशक्य आहे हे सिद्ध करता येणं, यासारखी नशा नाही. आणि त्या नशेत माझ्या तोंडून पुढचं वाक्य गेलं. आज चाळीस वर्षं झाली, ते परत घेता आलेलं नाही.

“एक माणूस कमी केलं तर जमतं,” मी म्हणालो. “आत्याबाई नसल्या, तर बाईसाहेब आणि भटजी दोन कडांना, मधली जागा रिकामी. सुंदर जमतं.”

रावसाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. यमुनाआत्या सावलीतून पुढे आल्या, हातातलं गाठोडं गोदाच्या हातात दिलं. “ह्यात त्याची लगनाची शाल हाय. मी दुपारच्या मोटारीनं येती. न्हाय तर माघारी जाती. तुमी निघा, येळ नगा करू.” माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बरं झालं एजंट, तुमी हिशेब क्येला. न्हायतर भांडनातच येळ गेला आस्ता.”

त्या मला टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मनापासून बोलल्या.

सगळे बसले. सगळं वहीत होतं तसंच : पुढे रावसाहेब आणि मामा, मागे तात्या, गोदा, कडांना बाईसाहेब आणि भटजी. फक्त नवरदेवाची जागा रिकामी होती. शंकर मोटारीकडे आलाच नाही. तो छपराखाली आत्याशेजारी जाऊन उभा राहिला, मुंडावळ्या सावरत. आत्या त्याला ढकलत होत्या, “जा रं, मुडद्या, जा की. तिकडं पोरगी उभी ऱ्हायील.” तो हलेना.

घड्याळात दहाला पाच कमी. तात्या रडकुंडीला आलेले. रावसाहेब शांत. फार शांत. तो माणूस थांबायला तयार होता, आणि का तयार होता हे मला त्या क्षणी दिसलं. प्रत्येक अट त्याने सावकाश, एकेक करून सांगितली होती. मी त्या उत्साहाने लिहून घेतल्या होत्या.

आणि मग मला भिकाआबांचं बोलणं आठवलं. वहीकडे पाहिलं. सहा-सात अटी, आणि प्रत्येकीपुढे मी सांगणाऱ्याचं नाव टिपलेलं. रावसाहेब, मामा, भटजी, रावसाहेब, रावसाहेब, रावसाहेब, तात्या. बाईसाहेबांविषयी दोन अटी होत्या, आणि बाईसाहेबांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं!

मी बाकाशी गेलो. रावसाहेबांची शेठशी ओळख होती. माझी नोकरी जायला एक चिठ्ठी पुरली असती.

“बाईसाहेब, एक विचारायचं राहिलं. आत्याबाईंशेजारी बसायला तुमची हरकत आहे का?”

“मी सांगितलंय ना,” पुढून रावसाहेब म्हणाले.

“आपण सांगितलंत साहेब. मी यांना विचारतोय.”

बाईसाहेब पन्नाशीच्या असतील. त्यांनी पुढच्या फेट्याच्या तुऱ्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. “माझी कशाला हरकत?” त्या म्हणाल्या. “माझ्या दोन्ही बाळंतपणांत तेल-पाणी हिनंच केलं. तवा शेजारी बसली, ती न्हाय बाधली. यमुने, चल गं, ये. उनात कशापायी उभी ऱ्हातीस?”

मी मोटारीच्या पत्र्यावर वही आपटली. “एक अट गेली!”

“पण माझं काय?” भटजी म्हणाले. “मी कुणाशेजारी बसायचं?”

तेवढ्यात आत्या मोटारीपाशी पोचल्या होत्या. “का वो भटजी, मुंजीआदी आमच्या मळ्यात हुरडा खाया यायचा. माझ्या हातचा. तवा कुनाशेजारी बसायचा?”

हसनभाई पहिल्यांदाच मोठ्याने हसले. भटजी लाल झाले, मग तेही हसले. पंचांगाची पिशवी उचलून त्यांनी आपल्या आणि मधल्या जागेच्या मधे ठेवली. “पिशवी मधे असली की शेजार होत नाही,” असा शास्त्रार्थ त्यांनी दिला. असं शास्त्र कुठे लिहिलेलं आहे ते मी विचारलं नाही. मुहूर्तावर पोचवणारं शास्त्र मला मान्य होतं.

मी मनातल्या मनात गुणलं. पुढे दोन, मधे दोन, मागे चार : भटजी कुठल्याही कडेला, दोघी बायका कशाही. “सोळा!” शून्यावरून सोळा! तुम्हाला सांगतो, मला त्या आकड्याला मिठी मारावीशी वाटली. आत्या मधे, एका बाजूला बाईसाहेब, दुसऱ्या बाजूला पिशवी आणि पिशवीपलीकडे भटजी. शंकर आपणहून येऊन बापाशेजारी बसला. आमचा क्लीनर तापाने आजारी होता, म्हणून मीच फुटबोर्डावर चढलो. हसनभाईंनी हँडल मारलं तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

ते तीस मैल मी कधी विसरणार नाही. रस्ता कच्चा, खडीचे ढीग कडेला टाकलेले. हसनभाईंनी मोटार अशी हाणली की टपावरच्या पेट्या नाचू लागल्या. अर्ध्या वाटेवर रेडिएटर उकळला. पाटाच्या कडेला मोटार थांबवली आणि मी बादली घेऊन धावलो, तर माझ्यापुढे मामा धोतर खोचून पाण्यात. “आन ती बादली! गणित झालं न्हवं तुजं? आता पानी भर!” तात्या, भटजी, सगळे हातोहात बादल्या देत होते. रावसाहेब आपल्या मानाच्या जागेवर बसून होते. इंजिनाची वाफ आणि धूळ थेट त्यांच्या तुऱ्यावर. तिथून उठायला त्यांना पदवी परवानगी देत नव्हती.

इंदापूरच्या वेशीत सरूचा बाप उभा होता. मोटार दिसली तसा तो माणूस वळला आणि आमच्यापुढे धावत सुटला, “आली, आली” ओरडत. मांडवात घंगाळातल्या पाण्यावर घटिकेची वाटी तरंगत होती. ती बुडली की मुहूर्त. वाटीत काठाला बोटभर जागा राहिली होती. मी स्वतः वाकून पाहिली. मग ती शांतपणे बुडाली, आणि अक्षता पडल्या. माझ्या डोक्यावर पडल्या त्या मी बराच वेळ झाडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची मोटार. रावसाहेबांचं कचेरीत अचानक काम निघालं, ते मागे राहिले. बाईसाहेब मात्र म्हणाल्या, मी यांच्याबरोबर जाते. म्हणजे सात, आणि नवी नवरी सरू. पुन्हा आठ जागा, आठ माणसं. चाळीस हजार तीनशे वीस. हसनभाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाले, “काढा वही.”

मी वही काढली नाही. एकेकापाशी गेलो आणि विचारलं. तात्या म्हणाले, आज कुठंबी चालतंय. भटजी म्हणाले, पिशवीला खिडकी द्या. मामा रात्रीच्या पंगतीने जड होऊन डाव्या कोपऱ्यात आधीच घोरत होते. बाईसाहेब आणि गोदाला एकत्र बसून मांडवातल्या लोकांविषयी बोलायचं होतं. शंकर म्हणाला, कुठंही.

मग मी नवरीपाशी गेलो. “वहिनी, तुम्हाला कुठं बसायचंय?”

तिने मान पूर्ण वर केली नाही, तिरक्या नजरेनेच गोदाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. तात्या म्हणाले, “सांग पोरी. त्या एजंटला इचारायची खोड हाय.”

“फुडं,” ती म्हणाली. अगदी हळू. “रस्ता दिसतो तितं.” आणि मग, “आत्याबाईबी बसू द्या संगं. येकलीला भ्या वाटंल.”

स्टँडवर दहा-पंधरा माणसं होती. नवी नवरी आणि विधवा आत्या, दोघी मोटारीच्या पुढच्या मानाच्या जागेवर! कुणीतरी खाकरलं. तात्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याचं खाकरणं थांबलं. हसनभाईंनी खांद्यावरच्या फडक्याने दोन्ही जागा पुसल्या. आदल्या दिवशी रावसाहेबांसाठी पुसल्या नव्हत्या.

मी फुटबोर्डावर चढलो आणि सवयीने घड्याळ पाहिलं. चाळीस हजार तीनशे वीस मांडण्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. आठ माणसांना विचारायला चार मिनिटं लागली, आणि त्यातली दोन मामांना उठवण्यात गेली.